‘पित्त झालंय’ म्हणतो तेव्हा नेमकं काय झालेलं असतं? पित्ताशय, पित्तनलिका आणि त्यातले खडे

आपल्या बोलण्यात ‘पित्त’ हा शब्द इतक्या ठिकाणी येतो की खरं पित्त कुठे अडलं तर ते कुणाच्या लक्षातच येत नाही. छातीत जळजळलं की पित्त झालं, डोकं ठणकून उलटी झाली की पित्त पडलं, अंगावर लाल गांधी आल्या की पित्त उठलं, आणि कुणी भडकला की त्याचं पित्त खवळलं. जळजळ होते ती जठरातल्या आम्लामुळे, गांधी उठतात त्या बहुतेक वेळा ॲलर्जीमुळे, आणि त्या डोकेदुखीमागे पुष्कळदा मायग्रेन असतो. लिव्हरमध्ये जे हिरवट-पिवळं कडू पाणी तयार होतं, ज्याला डॉक्टर पित्त म्हणतात, त्याचा या सगळ्याशी फारसा संबंधच नसतो.

मला हे कळलं ते माझ्या मावशीमुळे. दोन वर्षं तिला ‘पित्ताचा त्रास’ होता. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा रात्री अकरा-बाराच्या सुमाराला पोटाच्या वरच्या भागात, बरगड्यांच्या खाली असं दुखायचं की ती उठून बसायची, मग घरभर येरझाऱ्या घालायची, उलटी व्हायची, आम्लावरची गोळी घ्यायची आणि दोन-तीन तासांनी दुखणं गेलं की गोळीनेच बरं वाटलं असं समजून झोपायची. गोळीने काही झालेलं नसायचं, दुखणं आपलं आपण थांबलेलं असायचं, पण हे कळायला सोनोग्राफी व्हावी लागली आणि तीही दुसऱ्याच कारणासाठी केलेली. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, पित्ताशयात ३ ते ५ मिलिमीटरचे अनेक खडे. आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, का तर खडे बारीक होते.

आमची चूक झाली ती तिथे. खडा केवढा आहे एवढंच आम्ही बघितलं, तो कुठे आहे आणि कुठे जाऊ शकतो हे कुणी विचारलंच नाही. मी डॉक्टर नाही, पण त्यानंतरच्या सहा महिन्यांत जे समजून घेतलं ते जमेल तेवढं सोपं करून लिहितेय.

पित्त बनतं कुठे आणि जातं कुठून

लिव्हर दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्त बनवतं. त्यात बहुतेक सगळं पाणी, आणि त्या पाण्यात पित्तक्षार, कोलेस्टेरॉल, लेसिथिन नावाचा एक स्निग्ध पदार्थ आणि बिलिरुबिन. पित्तक्षारांचं काम साबणाचं. तेलकट भांडं नुसत्या पाण्याने निघत नाही, साबण लावला की तेलाचे बारीक थेंब होऊन ते पाण्यात मिसळतं, तसंच खाण्यातली चरबी फोडून पचण्याजोगी करायचं काम हे क्षार करतात. शरीर ते वायाही घालवत नाही, साधारण ९५ टक्के क्षार लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात परत शोषले जातात आणि रक्तातून पुन्हा लिव्हरला पोचतात. बिलिरुबिन मात्र निव्वळ कचरा. रक्तातल्या लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्या मोडल्या की त्यातल्या लाल रंगापासून हा पिवळा पदार्थ बनतो आणि त्याला बाहेर जायचा रस्ता म्हणजे पित्त. म्हणजे एकाच नळीतून कामाचा साबणही जातो आणि टाकाऊ रंगही, हे डोक्यात ठेवा, कावीळ समजायला पुढे हेच लागणार आहे.

आता नळ्या. लिव्हरच्या आत केसापेक्षाही बारीक नळ्यांपासून सुरुवात होते आणि ओढे मिळत मिळत नदी व्हावी तशा त्या एकत्र येतात, शेवटी उजवी आणि डावी अशा दोन उरतात आणि त्या दोन्ही मिळून एक मुख्य नळी होते. हिला मी इथून पुढे पित्तनलिका म्हणेन. ती आतून साधारण ६ मिलिमीटर रुंद, म्हणजे लिहायच्या पेन्सिलीपेक्षाही किंचित बारीक. वाटेत तिला बाजूने एक छोटी फांदी फुटते आणि त्या फांदीच्या टोकाला अर्धवट फुगवलेल्या फुग्यासारखी ७ ते १० सेंटिमीटर लांब पिशवी लटकलेली असते, ते पित्ताशय. पित्ताशयात पित्त तयार होत नाही, नुसतं साठतं, हे पुष्कळ जणांना माहीतच नसतं, मलाही नव्हतं.

या पिशवीत मावतं जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर. मग लिटरभर पित्ताचं काय होतं? एक तर सगळं तिथे जात नाही, काही थेट आतड्यात उतरतं, आणि जे साठतं त्यातलं पाणी पित्ताशय शोषून घेतं, पाच ते दहापट दाट करून ठेवतं. आपण जेवलो आणि त्यातली चरबी लहान आतड्यात उतरली की आतडं रक्तात एक निरोप सोडतं, कोलेसिस्टोकायनिन नावाचं हार्मोन, तो निरोप पोचला की पित्ताशय आकसतं आणि दाट पित्त पित्तनलिकेत ढकलतं. त्याच वेळी नलिकेच्या तळाची झडपही उघडते. ही झडप इटलीतल्या रुग्गेरो ओडीने १८८७ मध्ये विद्यार्थी असतानाच नीट वर्णन करून दाखवली, आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते.

आणखी एक गोष्ट, आणि पुढचा सगळा गोंधळ हिच्यामुळे होतो. पित्तनलिका आतड्यात उघडते तिथेच बहुतेकांमध्ये स्वादुपिंडाची, म्हणजे पॅनक्रियाजची नळीही येऊन मिळते. शेजारच्या दोन घरांचं सांडपाणी शेवटच्या दोन हातांत एकाच पाइपातून बाहेर जावं तसं. तो पाइप तुंबला की दोन्ही घरांत पाणी उलटं चढतं.

खडे होतात कसे

ग्लासभर पाण्यात मीठ टाकत गेलो तर एका टप्प्यानंतर ते विरघळत नाही, तळाशी बसतं. पित्तात कोलेस्टेरॉल असंच पित्तक्षार आणि लेसिथिनच्या आधाराने तरंगत असतं, कोलेस्टेरॉल वाढलं किंवा आधार कमी पडला की त्याचे बारीक स्फटिक होतात. त्यात पित्ताशय आळसावलेलं असेल, नीट आकसत नसेल, तर ते स्फटिक बाहेर फेकले न जाता तिथेच चिखलासारखे बसतात (रिपोर्टमध्ये याला स्लज म्हणतात) आणि त्या चिखलातून खडे घडतात. बहुतेकांचे खडे हे असे कोलेस्टेरॉलचे असतात. काळे खडे वेगळे, ते बिलिरुबिनचे, ज्यांच्या लाल पेशी जास्त वेगाने मोडतात त्यांना, उदाहरणार्थ सिकलसेल किंवा थॅलेसेमियाच्या पेशंटना, किंवा ज्यांना लिव्हरचा सिरोसिस आहे त्यांना ते होतात. तिसरे तपकिरी, मऊसर, ते जंतुसंसर्ग झालेल्या नळ्यांमध्ये बनतात.

कुणाला जास्त होतात याचं उत्तर स्त्रियांच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे. इस्ट्रोजेनमुळे पित्तात कोलेस्टेरॉल वाढतं आणि गरोदरपणातल्या प्रोजेस्टेरॉनमुळे पित्ताशय सुस्तावतं, त्यामुळे बाळंतपणं झालेल्या बायकांमध्ये खडे बरेच जास्त आढळतात. वय, लठ्ठपणा, डायबेटिस, घरात कुणाला असणं, हेही आहेच. पण एक कारण लोकांना पटत नाही, ते म्हणजे झपाट्याने वजन उतरवणं. वजन कमी केलं म्हणजे सगळं चांगलंच होणार असं आपण धरून चालतो, आणि वजन जास्त असेल तर ते कमी करायलाही हवं, पण ते फार भराभर उतरलं तर साठलेली चरबी वितळून तिच्यातलं कोलेस्टेरॉल पित्तात येतं आणि त्याच वेळी खाणं अगदी कमी असल्याने पित्ताशयाला आकसायचं कारणच उरत नाही. म्हणून वजन कमी करायच्या ऑपरेशननंतर पेशंटना काही महिने खडे होऊ नयेत म्हणून गोळ्या देतात.

खडे आहेत पण काहीच त्रास नाही, मग?

मग बहुतेक वेळा काहीच करायचं नाही. जगात अनेक ठिकाणी प्रौढांपैकी १० ते १५ टक्के लोकांच्या पित्ताशयात खडे सापडतात आणि त्यातल्या बहुसंख्यांना ते आहेत याचा आयुष्यभर पत्ताही लागत नाही. त्रास नसलेल्या शंभर जणांपैकी वर्षाला साधारण दोघा-तिघांना त्रास सुरू होतो. एवढ्यासाठी सगळ्यांची ऑपरेशनं करण्यात अर्थ नाही, आणि रिपोर्टमध्ये नुसता खडा दिसला म्हणून कुणी घाईघाईने ऑपरेशनची तारीख देत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्यावं. अपवाद आहेत: ३ सेंटिमीटरपेक्षा मोठा खडा, पित्ताशयाच्या भिंतीत चुना साठलेला असणं, १ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा पॉलिप (म्हणजे आतल्या अस्तरावर वाढलेली गाठ), यात पुढे कॅन्सरचा धोका वाढतो म्हणून आधीच काढायचा सल्ला देतात.

पण इथे एक प्रामाणिक प्रश्न स्वतःला विचारायचा, ‘त्रास नाही’ हे खरंच आहे का? मावशीही म्हणायची मला खड्यांचा त्रास नाही, पित्ताचा आहे.

ॲसिडिटी आणि पित्ताशयाचं दुखणं यात फरक कसा ओळखायचा

ॲसिडिटी म्हणजे जळजळ, ती छातीच्या मधोमध वर चढते, आंबट ढेकर येतात, आडवं झालं की वाढते, आणि आम्लावरचं औषध घेतलं की काही मिनिटांत उतार पडायला लागतो. पित्ताशयाचं दुखणं जळत नाही, आवळतं. एखाद्या पाण्याच्या पिशवीच्या तोंडात गोटी अडकलेली असावी आणि पिशवी दाबत राहावं तसं आत होत असतं, पित्ताशय आकसतंय पण पित्ताला बाहेर जायला वाट नाही. ते उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वर अगदी मध्यभागी दुखतं, अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत एकसारखं, आणि कूस बदलून, ढेकर देऊन, शौचाला जाऊन कशानेच कमी होत नाही. पुष्कळदा पाठीत किंवा उजव्या खांद्यापर्यंत कळ जाते. खांदा का, तर पित्ताशयाच्या वर असलेल्या पडद्याच्या, डायफ्रॅमच्या संवेदना मानेतून निघणाऱ्या ज्या मज्जातंतूतून जातात त्याच भागातून खांद्याच्याही जातात, मेंदूला नेमकं कुठलं घर ओरडतंय ते कळत नाही. मग खडा निसटून मागे पडतो आणि दुखणं थांबतं, पुढच्या वेळेपर्यंत.

खडा मागे पडलाच नाही, तिथेच रुतून बसला, तर पित्ताशय सुजतं. मग दुखणं सहा तासांच्या पुढे जातं, ताप येतो, उजव्या बरगडीखाली हात ठेवून खोल श्वास घ्यायला सांगितलं की कळ येऊन श्वास मध्येच अडकतो. डॉक्टर पोट तपासताना नेमकं हेच बघत असतात. यात आता पद्धत अशी आहे की पेशंटची तब्येत झेपण्यासारखी असेल तर सूज उतरायची दीड-दोन महिने वाट न बघता त्याच ॲडमिशनमध्ये, पहिल्या काही दिवसांतच पित्ताशय काढून टाकायचं, कारण वाट बघण्यात परत झटका यायची भीती असते.

एक मात्र सांगायलाच हवं, पोटाच्या वरच्या भागातलं दुखणं कधीकधी हार्ट अटॅकचंही असतं, तेव्हा घाम फुटत असेल, दम लागत असेल तर ॲसिडिटी की खडा हा विचार करत घरी बसू नये.

‘बारीक आहेत, पडून जातील’

हे वाक्य आमच्या घरात निदान वीस वेळा बोललं गेलं असेल. मुतखडा पडतो हे सगळ्यांना माहीत असतं, भरपूर पाणी प्या, लघवीतून निघून जाईल. तेच गणित आपण पित्ताशयाला लावतो आणि ते लागू होत नाही. पाणी प्यायल्याने लघवी वाढते, पित्ताशय धुऊन निघत नाही. आणि पित्ताशयातला खडा ‘पडतो’ म्हणजे तो जातो कुठे? तर पित्तनलिकेत. ६ मिलिमीटरची नळी, आणि टोकाशी झडप, तिथे वाट आणखी निमुळती. २ सेंटिमीटरचा मोठा खडा तिकडे जायलाच मागत नाही, तो पिशवीतच बसून राहतो. ४ मिलिमीटरचा खडा मात्र बाजूच्या फांदीतून सरकतो आणि शेवटच्या अरुंद टोकाशी जाऊन बसू शकतो. काही खडे झडपेतून आतड्यात निसटतातही, पण ते निसटेल की अडकेल यावर आपला काहीही ताबा नसतो.

अडकला की काय होतं ते आता त्या दोन घरांच्या सामाईक पाइपावरून सांगता येईल. पित्त खाली उतरत नाही, त्यातलं बिलिरुबिन उलटं रक्तात शिरतं, त्वचा आणि डोळे पिवळे होतात. लिव्हरमधून गेलेलं बिलिरुबिन पाण्यात विरघळणारं असल्याने किडनीतून बाहेर पडतं आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते. शौचाचा तपकिरी रंग बिलिरुबिनपासूनच आलेला असतो, ते आतड्यात पोचलंच नाही की शौचाला पांढरट, मातकट होते. अंगाला खाज सुटते, पुरळ काहीच दिसत नाही पण रात्रभर खाजवत बसावं लागतं. हे चार एकत्र दिसले, पिवळे डोळे, गडद लघवी, फिकट शौच, खाज, तर नळी तुंबली असण्याची दाट शक्यता.

कावीळ म्हटलं की आपण विषाणूची कावीळ समजतो, आराम करा, पथ्य पाळा, काही आठवड्यांत उतरेल. त्या काविळीत लिव्हरच्या पेशी आजारी असतात आणि बऱ्याच वेळा त्या आपल्या आपण सावरतात. तुंबलेल्या नळीच्या काविळीत लिव्हर सुरुवातीला चांगलं असतं, खाली बूच बसलेलं असतं. बूच आराम करून निघत नाही. म्हणून काविळीत पहिला प्रश्न, ही पेशींची की नळीची? रक्ततपासणीत बिलिरुबिनचे दोन आकडे असतात, त्यातला ‘डायरेक्ट’ जास्त आणि जोडीला अल्कलाइन फॉस्फटेज (पित्त अडलं की रक्तात वाढणारं एक एन्झाइम) बरंच वाढलेलं, हे नळीकडे बोट दाखवतं, आणि सोनोग्राफीत नळ्या फुगलेल्या दिसल्या की पुढची दिशा ठरते.

तुंबलेल्या पित्तात जंतू वाढले की तो सगळ्यात घाईचा प्रसंग, कोलँजायटिस. थंडी वाजून ताप, कावीळ आणि पोटात दुखणं हे त्रिकूट फ्रान्सच्या शार्कोने १८७७ मध्ये लिहून ठेवलंय. त्यात ब्लडप्रेशर पडायला लागलं आणि माणूस बरळायला लागला तर जंतू रक्तात पसरलेत आणि हातात फार तास नसतात. नुसत्या अँटिबायोटिकने इथे भागत नाही, नळी मोकळी करावीच लागते. आणि स्वादुपिंडाचं तोंडही दाबलं गेलं तर त्याचा पाचकरस स्वतःच्याच पेशींवर उठतो, हा पॅनक्रियाटायटिस, पट्ट्यासारखं पाठीत जाणारं भयानक दुखणं, काही जणांत आठवडेच्या आठवडे आयसीयूत काढायला लावणारं.

मावशीला रिपोर्टनंतर तीन महिन्यांनी पहाटे हुडहुडी भरली. तीन पांघरुणं घालूनही दात वाजत होते. आम्हाला वाटलं साधा ताप. ट्यूबलाइटच्या उजेडात काही दिसलं नाही, सकाळी खिडकीशी बसवून ती वर बघताना खालची पापणी ओढली तेव्हा पांढऱ्या भागावर हळद उतरल्यासारखा रंग दिसला. कावीळ बघायची तर दिवसाच्या उजेडात, हे मी तेव्हा शिकले.

सोनोग्राफी झाली की, आता एमआरसीपी कशाला?

हा प्रश्न प्रत्येक नातेवाईक विचारतो. पित्ताशयातले खडे दाखवायला सोनोग्राफी फार उत्तम आहे, शंभरातले पंचाण्णव ती पकडते. पण पित्तनलिकेचं खालचं टोक आतड्यामागे लपलेलं असतं आणि आतड्यातल्या वायूतून सोनोग्राफीच्या लहरी पलीकडे जात नाहीत, त्यामुळे नेमका घोटाळ्याच्या जागी असलेला खडा निसटतो. सोनोग्राफीत नळीत खडा दिसला नाही याचा अर्थ तो नाही असा होत नाही. एमआरसीपी म्हणजे एमआरआयच, त्यात नळ्यांतलं पाणी चकाकतं आणि खडा काळ्या ठिपक्यासारखा दिसतो, सुई नाही, कापाकापी नाही, पण ती फक्त दाखवते, काढत काही नाही.

काढते ती ईआरसीपी. तोंडातून दुर्बीण घालून लहान आतड्यात जायचं, पित्तनलिकेच्या तोंडात बारीक नळी सरकवायची, रंगद्रव्य सोडून एक्स-रेवर बघायचं, झडपेला छोटा छेद द्यायचा आणि फुग्याने किंवा जाळीने खडा खाली ओढून आतड्यात टाकायचा, तो तिथून शौचावाटे जातो. पोटावर एकही टाका नाही. ही पद्धत १९६८ मध्ये सुरू झाली आणि १९७४ पासून झडपेला छेद देऊन खडे काढता यायला लागले, त्याआधी यासाठी पोट उघडावं लागायचं. धोका नाही असं नाही, शंभरातल्या साधारण तीन ते दहा जणांना यानंतर स्वादुपिंडाला सूज येते, म्हणूनच नुसतं ‘बघायला’ म्हणून ईआरसीपी आता करत नाहीत, आधी एमआरसीपी किंवा दुर्बिणीतून केलेली सोनोग्राफी.

नळी बरेच दिवस तुंबलेली असेल तर रक्त गोठायला वेळ लागतो का हेही तपासतात. व्हिटॅमिन के चरबीबरोबर शोषलं जातं, साबणच आतड्यात पोचत नाही तर ते शोषणार कसं, आणि त्याच्याशिवाय रक्त नीट गोठत नाही. मावशीला आधी त्याचं इंजेक्शन दिलं तेव्हा आम्हाला वाटलं अशक्तपणासाठी देतायत.

खडे तेवढे काढा, पिशवी कशाला काढता?

अगदी रास्त शंका आहे. पण खडे तिथे बाहेरून आलेले नसतात, ते त्याच पिशवीत घडलेले असतात. पिशवी ठेवून खडे काढले तर ती पुन्हा खडे करते. बर्लिनच्या कार्ल लांगेनबुखने १८८२ मध्ये पहिल्यांदा अख्खं पित्ताशय काढलं ते हाच विचार करून, तोपर्यंत डॉक्टर पित्ताशयाला भोक पाडून खडे काढायचे आणि माणसाला परत त्रास व्हायचा. दुर्बिणीतून पित्ताशय पहिल्यांदा काढलं ते १९८५ मध्ये जर्मनीतच, एरिख म्यूहे यांनी. आज ते चार छोट्या छिद्रांतून होतं आणि बरेच जण एक-दोन दिवसांत घरी जातात. यातला मोठा धोका म्हणजे चुकून पित्तनलिकाच कापली जाणं, तो हजारात तीन ते पाच जणांना होतो, कमी आहे पण झाला तर फार त्रासाचा, म्हणून सूज खूप असताना सर्जनने दुर्बीण सोडून पोट उघडायचा निर्णय घेतला तर ते अपयश समजू नये, तो शहाणपणा असतो.

गोळ्यांनी विरघळत नाहीत का? अर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिड नावाची गोळी आहे, ती काही जणांत काम करते, खडे बारीक आणि कोलेस्टेरॉलचे असतील, चुना बसलेला नसेल, पित्ताशय नीट आकसत असेल तर, तेही सहा महिने ते दोन वर्षं रोज घेऊन, आणि बंद केल्यावर पाच वर्षांत जवळपास निम्म्यांना खडे परत होतात. ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन खडे पाडल्याचे फोटो फिरत असतात, त्यात शौचात हिरवट मऊ गोळे दिसतात. असे गोळे तपासल्यावर काय निघालं हे २००५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं, ते खडे नव्हतेच, प्यायलेल्या तेलाचाच आतड्यात साबण झालेला होता. त्रास नुसता फसगतीचा असता तर मी एवढं लिहिलं नसतं, पण एवढं तेल एकदम प्यायलं की पित्ताशय जोरात आकसतं आणि आत बारीक खडे असतील तर ते नेमके नळीकडे ढकलले जाऊ शकतात.

आणि पित्ताशय गेल्यावर पचनाचं काय? पित्त लिव्हर बनवतं, ते बनतच राहतं, फक्त साठून एकदम न येता सारखं थोडं थोडं आतड्यात उतरतं. घोड्याला आणि मोठ्या उंदराला (रॅटला) जन्मतःच पित्ताशय नसतं. माणसांपैकी काहींना ऑपरेशननंतर काही आठवडे, थोड्या जणांना जास्त काळ, पातळ शौचाला होते, त्यावर औषध आहे. बहुतेक जण काही दिवसांत नेहमीचं जेवायला लागतात.

खडा नसूनही

नळ्यांचे सगळेच आजार खड्यांचे नसतात. काहींत शरीराची प्रतिकारशक्तीच नळ्यांवर उलटते. मध्यमवयीन बायकांना दिसणाऱ्या पीबीसी (प्रायमरी बिलियरी कोलँजायटिस) या आजारात लिव्हरच्या आतल्या बारीक नळ्या नष्ट होत जातात, थकवा आणि खाज ही सुरुवात, आणि वर सांगितलेली अर्सोची गोळी इथे खरी उपयोगी पडते. पीएससी (प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस) या दुसऱ्या आजारात नळ्या जागोजागी आकसून मण्यांच्या माळेसारख्या दिसतात, याच्या बऱ्याच पेशंटना अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण येणारा आजार, असतो.

कॅन्सरबद्दल एकच खूण सांगते. काविळीबरोबर दुखत असेल तर खडा असण्याचा संभव जास्त, आणि न दुखता, हळूहळू, वजन उतरत कावीळ वाढत असेल तर नळीचा, पित्ताशयाचा किंवा स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या भागाचा कॅन्सर नाही ना हे आधी बघावं लागतं. दुखत नाही म्हणून थांबलेली माणसंच यात उशिरा पोचतात.

आणि तान्ही बाळं. जन्मानंतरची कावीळ बहुतेक बाळांना होते आणि जाते, पण ती दोन आठवड्यांनंतरही टिकली आणि बाळाची शी पांढरट किंवा फिक्या मातीच्या रंगाची असेल तर त्याच दिवशी दाखवावं. बिलियरी ॲट्रेशिया नावाच्या आजारात बाळाच्या नळ्या बुजलेल्या असतात. जपानच्या मोरिओ कासाई यांनी १९५० च्या दशकात यावर ऑपरेशन शोधलं, त्यात आतड्याचा तुकडा थेट लिव्हरला जोडतात, आणि ते जितक्या लवकर, शक्यतो बाळ ६० दिवसांचं व्हायच्या आत होईल तितकं यश जास्त. तैवानमध्ये नव्या आईला शीचे रंग छापलेलं कार्डच देतात, लंगोट बदलताना ताडून बघायला.

स्टेंटची तारीख

मावशीच्या नळीतून ईआरसीपीने दोन खडे निघाले, पू मिसळलेलं पित्त बाहेर आलं, आणि नळी मोकळी राहावी म्हणून आत प्लास्टिकचा स्टेंट ठेवला, बोटभर लांबीची बारीक नळी. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, काही दिवसांनी दुर्बिणीने पित्ताशय काढलं. घरी सोडताना सिस्टरने फाइल माझ्या हातात दिली आणि म्हणाली, स्टेंट काढायला यायचं विसरू नका. प्लास्टिकचा स्टेंट कायमचा नसतो, साधारण तीन महिन्यांत काढावा किंवा बदलावा लागतो, नाहीतर तोच चिखलाने भरून तुंबतो आणि कोलँजायटिस परत होतो. बरं वाटायला लागलं की पेशंट विसरतात, आणि वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा हुडहुडी भरून येतात, असं तिने सांगितलं. मी घरी येऊन फाइलच्या पुठ्ठ्यावर लाल पेनने मोठ्या अक्षरात तारीख लिहिली, मावशीच्या, माझ्या आणि तिच्या मुलाच्या अशा तिन्ही फोनवर रिमाइंडर लावले, आणि अकराव्या आठवड्यात दहा मिनिटांत तो काढून झाला.